कायम सकाळ असलेली खोली

धाकटीने बाबांचा डबा काउंटरवर ठेवला, मालक काचेच्या केबिनमध्ये फोनवर आहेत एवढं पाहून घेतलं आणि सरळ आपल्या खोलीत गेली. आपली म्हणजे काय, तर फर्निचरच्या त्या दुकानात मांडून ठेवलेल्या चार खोट्या खोल्यांपैकी तिसरी, निळी. बाबा तिथे एकोणीस वर्षं विक्रेते होते. दुपारी दोन ते तीन गिऱ्हाईक फिरकत नसे, आणि त्या तासाभरात धाकटीने 'माझी खोली' या नावाने आजवर अकरा व्हिडिओ काढले होते. बाबांना वाटायचं, पोरगी आत बसून अभ्यास करते.

खरी खोली घरी होती. तिच्यात आजी होती, दादा होता, आईचं शिलाई मशीन होतं आणि उरलेल्या जागेत धाकटी होती. तिथे कॅमेरा कसाही धरला तरी कोणाचा तरी पाय मध्ये यायचाच. निळ्या खोलीत मात्र सगळं जागच्या जागी. आता पुस्तकं आतून पोकळ होती, दिव्याला वायर नव्हती आणि पडद्यामागची बाग भिंतीवर चिकटवलेली होती, पण व्हिडिओत काय कळतंय? एकदा तर तिने त्यातलंच एक पोकळ पुस्तक छातीशी धरून, "हे वाचल्यापासून मी आतून बदलले," असंही सांगून टाकलं. त्याखाली कोणा आगाऊ माणसाने विचारलं होतं, तुमच्या खिडकीत कायम सकाळच कशी असते? तिने त्याला ब्लॉक केलं.

एवढा खटाटोप कशासाठी, तर महाराणीसाठी. सगळा वर्ग जिला महाराणी म्हणायचा, ती मुलगी रोज कुंड्यांनी भरलेल्या बाल्कनीत बसून कॉफी पितानाचा फोटो टाकायची. तिच्या घोळक्यात बसायचं तर आपल्याकडेही दाखवण्यासारखं काहीतरी हवं. पाचव्या व्हिडिओनंतर महाराणीने स्वतः सरकून बाकावर धाकटीला जागा दिली. इथवर सगळं छान होतं. पण आठव्यानंतर ती म्हणाली, "तुझ्याकडे येऊ ना एकदा." तेव्हापासून धाकटी कारणं जुळवत होती. आधी तिने घरात रंगकाम काढलं, मग रंगाचा वास, मग पाहुणे, मग पाहुण्यांना ताप. आता पाहुण्यांना मारल्याशिवाय पुढचं कारण सुचत नव्हतं.

आज ती पलंगाच्या कडेला बसून केस नीट करत होती, तेवढ्यात काउंटरकडून ओळखीचा आवाज आला.

"काका, असा पलंग आहे का तुमच्याकडे? थांबा, व्हिडिओ दाखवते."

महाराणी. आणि सोबत तिची आई.

बाहेर जायची वाट एकच, आणि त्या वाटेवर महाराणी उभी. तिने दप्तर उचललं आणि तीन दारांच्या कपाटात मधल्या दाराने शिरली. आत नव्या पॉलिशचा वास नाकात गेला. शिंक आली, ती तिने बाहीत दाबली.

"बारा दिवस हिचं हेच चाललंय," महाराणीची आई सांगत होती. "अशी खोली नाही म्हणून धड जेवत नाही, धड बोलत नाही. बहिणीबरोबर एका पलंगावर झोपते, तर त्याची म्हणे लाज वाटते. हा बघा, हा."

एवढ्या मोठ्या बाल्कनीच्या घरात एका पलंगावर दोघी? धाकटीला नवल वाटलं, पण ते टिकलं नाही, कारण फोनमधून तिचाच लाडिक आवाज आला, "तर मैत्रिणींनो, ही माझी छोटीशी खोली." बाबांनी व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितला.

"आहे," ते शेवटी म्हणाले. आवाज बसला होता. "हुबेहूब आहे. या."

मागच्याच महिन्यात कोणाच्या तरी मुलाने मांडलेल्या गादीवर उड्या मारल्या म्हणून मालकांनी एका जुन्या माणसाला घरी बसवलं होतं. मुलाने नुसत्या उड्या मारल्या होत्या. तिने तर अख्खा संसार थाटला होता. महाराणी गेली खड्ड्यात, बाबांची नोकरी गेली तर घरी काय सांगायचं?

"कपाट कसं आहे आतून?" महाराणीच्या आईने विचारलं.

बाबांनी सवयीने मधलं दार उघडलं. बापलेकीची नजरानजर झाली.

"ऐसपैस आहे," म्हणत बाबांनी दार लावलं.

"अहो, मला बघू तरी द्या."

"पॉलिश ओलं आहे ताई. साडीला लागेल. आधी पलंग बघा."

तेवढ्यात केबिनचं दार वाजलं आणि मालक आले. महाराणीच्या आईने त्यांच्याही नाकासमोर फोन धरला. झालं, आगीतून फुफाट्यात.

"ही तर आपलीच खोली," मालक म्हणाले. "ही फुलदाणी बघा. तिचा टवका माझ्याच हातून उडालाय. मुलगी कोण ही?" रोज डबा आणणाऱ्या पोरीकडे त्यांनी कधी मान वर करून पाहिलंच नव्हतं.

"गिऱ्हाईक असेल एखादं," बाबा म्हणाले. "दिला असेल आपण असा सेट."

"या रंगाचा एकच आला होता. तो हा."

धाकटीला सगळ्यात जास्त ऐकू येत होता तो बाबांचा श्वास. बस्स झालं, तिने ठरवलं. बाहेर जायचं, चूक माझी आहे म्हणायचं, मग महाराणीने वर्गात काय दवंडी पिटायची ती पिटू दे. तिने दाराला हात लावला, आणि दार बाहेरूनच उघडलं.

समोर महाराणी. तिने धाकटीकडे पाहिलं, मग फुलदाणीकडे, मग भिंतीवर चिकटवलेल्या बागेकडे. हात जोडावेत की कान पकडावेत हे न सुचून धाकटीने दोन्ही करून पाहिलं. महाराणीने हळूच दार लावून घेतलं.

"ती माझी मैत्रीण आहे," बाहेर महाराणी नेहमीच्या तोऱ्यात सांगू लागली. "मी जाऊन आलेय तिच्या खोलीत. अशीच आहे, पण पडदे जरा फिके. आणि फुलदाणी तिच्या आजीने आपटली."

"म्हणजे आपली नक्कल व्हायला लागली तर," मालक म्हणाले. त्यांचा आवाज चांगलाच सुखावला होता.

"आई, चल. हे नको आपल्याला."

"का गं? मघाशी तर कपाटासकट हवं होतं."

"कपाटात जागा नाहीये."

त्या गेल्या, मालक केबिनमध्ये गेले, तेव्हा बाबांनी दार उघडलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"घरच्या खोलीत काय वाईट आहे गं?"

"वाईट काही नाही." धाकटीला रडू आवरेना. "पण दाखवता येत नाही ना, बाबा."

बाबांनी खांद्यावरचं फडकं तिला डोळे पुसायला दिलं, आणि मग त्याच फडक्याने कपाटाच्या दारावरचे तिच्या बोटांचे ठसे पुसले. "उद्यापासून डबा दादा आणेल," एवढंच म्हणाले.

ती रस्त्यावर आली तेव्हा फोन वाजला. महाराणीचा मेसेज होता: "रविवारी दुकान किती वाजता उघडतं? बाल्कनी माझ्या आत्याची आहे, आणि ती घर बदलतेय."

धाकटीने तो तीनदा वाचला. मग पहिल्यांदाच खरं काय ते लिहिलं: "दुकान नको. आमच्या घरी ये. पण खोलीत आजी असते, आणि ती घोरते."

उत्तर लगेच आलं.

"चालेल. व्हिडिओचा आवाज बंद करून वरून गाणं टाकू."