सरोजने उठू नये

स्वयंपाकघरात ओट्यावरून एक चमचा खाली पडला.

हॉलमध्ये दाटीवाटीने बसलेल्या मंडळींनी एकदम माना वळवल्या. टीव्हीवर आपला खेळाडू हनुवटीला हात लावून विचार करत होता. बराच वेळ करत होता. पडद्यावर काहीही हलत नव्हतं आणि ते न हलणं सगळे श्वास रोखून बघत होते.

"शू!" सुधीर कुजबुजत खेकसला. "सरोज, अगं तो विचार करतोय!"

नवऱ्याचा आवाज ऐकून सरोजने चहाचे कप होते तिथेच ठेवले. पाय न वाजवता बाहेर येऊन ती दिवाणाच्या कोपऱ्यावर टेकली आणि पेंगुळलेल्या लेकीला, मनूला, तिने मांडीवर घेतलं. पुन्हा उठलं तर पुन्हा काहीतरी वाजेल, म्हणून बसूनच राहिली. तेवढ्यात आपल्या खेळाडूने घोडा उचलला, आणि त्या संध्याकाळी तो चक्क जिंकला.

खरं सांगायचं तर सरोजला बुद्धिबळातलं घोड्याची अडीच घरं सोडून काही कळत नव्हतं. पण या खेळावर तिचा जीव जडला होता. एक धडधाकट माणूस अर्धा अर्धा तास एकाच जागी बघत बसतो, आणि त्याला कुणी "रिकामीच आहेस ना, जरा कोथिंबीर निवड" असं म्हणत नाही. उलट अख्खं जग त्याला काम म्हणतं. हे दृश्य तिला हिमालयापेक्षा रमणीय वाटे.

विजयानंतर चौकशी झाली. कोपरच्या आमच्या सुप्रभात सोसायटीत कुठलीही चांगली गोष्ट चौकशीशिवाय सोडली जात नसे. सेक्रेटरी त्र्यंबकराव सरकारी खात्यातून निवृत्त झाले होते, म्हणजे फक्त खातं सुटलं होतं. क्रिकेटच्या वेळी कोण कुठे बसलं की विकेट पडत नाही, याची मोजदाद त्यांनीच वर्षानुवर्षं ठेवली होती.

"आधीचे दोन डाव आपण हरलो," ते म्हणाले. "आजच्या डावात वेगळं काय घडलं?"

सगळ्यांनी खूप आठवून पाहिलं. शेवटी सासूबाई, प्रमोदिनीबाई, सावकाश म्हणाल्या, "सरोज बसली होती."

दिवेलागणीच्या वेळी सरोज बसलेली आहे, असं लग्नानंतर कुणीच पाहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जिन्याखालच्या फळ्यावर सूचना लागली : 'राष्ट्रीय हित लक्षात घेता, सामना सुरू असेपर्यंत सौ. सरोज यांनी उठू नये व त्यांना कोणी उठवू नये. हुकुमावरून.'

पुढचा डाव सरोजने दिवाणावर काढला. सुधीरने जन्मात पहिल्यांदा सोळा कप चहा केला. तो काढ्यासारखा झाला होता, पण सगळ्यांनी देशासाठी प्यायला. सासूबाईंनी पोळ्या लाटल्या. डाव बरोबरीत सुटला. "बरोबरी म्हणजेही अर्धा गुण," त्र्यंबकराव म्हणाले. सरोजच्या मते तो गुण पूर्ण होता. तिला आता आपल्याला खेळ कळतो असंही वाटू लागलं. जिन्यात भेटलेल्या शेजारच्या केशरबाईंना ती म्हणाली, "उंट जरा लवकर काढायला हवा होता." केशरबाईंना वाटलं, जत्रेबद्दल बोलतेय.

यात एकच बारीक अडचण होती. सामना परदेशात चालू होता आणि केबलवाला जगन त्याची कॅसेट मिळवून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लावायचा. पडद्याच्या कोपऱ्यात मात्र 'लाईव्ह' असं लिहिलेलं असे.

"काय रे जगन, हे लाईव्ह कसं?" सुधीरने विचारलं.

"साहेब, तुम्ही पहिल्यांदाच बघताय ना? मग तुमच्यासाठी लाईव्हच की!"

निकाल सकाळच्या पेपरातच छापून यायचा. त्यावर त्र्यंबकरावांनी तोडगा काढला. सगळ्या इमारतीतली खेळाची पानं संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या कपाटात कुलूपबंद राहू लागली.

"पण काका," सरोज भीतभीत म्हणाली, "डाव कालच संपलाय. मग मी बसले काय, उठले काय?"

"निकाल तिकडे लागला असेल, सूनबाई. आपल्याकडे अजून लागलेला नाही."

सरोजने वाद घातला नाही. बसायला मिळत असताना तर्कशास्त्र काढण्याइतकी ती खुळी नव्हती. चूक झाली ती तिथेच.

कारण नियम वाढत गेले. नुसतं बसून भागेना, त्या दिवशीसारखंच बसायला हवं. डावा पाय दुमडून. हळदीचा डाग पडलेली तीच साडी नेसून, आणि ती धुवायची नाही, डाग जाईल. मांडीवर मनू हवी, आणि तीही झोपलेली. पाच वर्षांच्या मनूला म्हणून रोज संध्याकाळी झोपवायचं. झोप आली नाही तर तिने डोळे मिटून पडायचं. त्र्यंबकराव एकदा वही काढून म्हणाले, "विजयाच्या क्षणी आपल्या मनात नेमका कोणता विचार होता?"

"दूध नासेल का, हा."

"मग तोच चालू ठेवावा."

हळूहळू अर्ध्या खुर्च्या टीव्हीकडे आणि अर्ध्या सरोजकडे वळल्या. तिने मान हलवली की मागून आवाज येई, "वहिनी, हलू नका हं, त्याचा हत्ती अडकलाय!" पायाला मुंग्या येत. ज्या बसण्यासाठी ती आसुसली होती, ते आता ओट्यापाशी उभं राहण्याहून जड झालं.

शेवटच्या डावाला चपला पार जिन्यात गेल्या. आपला खेळाडू पेचात होता. डोकं दोन्ही हातांत धरून तो पटाकडे बघत होता. मिटल्या डोळ्यांनी मनू पुटपुटली, "आई, पोट दुखतंय."

सरोजचा हात तिच्या कपाळावर गेला. कपाळ तापलं होतं.

"काका, हिला ताप आहे."

त्र्यंबकरावांनी पडद्यावरची नजर काढली नाही. "पोटदुखी पुढे ढकलता येईल का?"

"सरोज, पाचच मिनिटं गं," सुधीर काकुळतीला आला. "आत्ता नको ना. बघ, त्याचा वजीर..."

"अगं, जरा कळ काढ," सासूबाई म्हणाल्या.

सरोजने पडद्याकडे पाहिलं. तो अजून विचारच करत होता. तिला तेवढा वेळ लागला नाही. तिने पदर खोचला, मनूला खांद्यावर टाकलं आणि मुंग्या आलेल्या पायाने लंगडत, सगळ्या माणसांच्या मधून ती आत गेली.

मीठ-पाण्याची घडी मनूच्या कपाळावर ठेवते न ठेवते, तोच हॉलमधून एक सामुदायिक उसासा ऐकू आला. आपल्या खेळाडूने डाव सोडला होता. काल.

चौकशी समितीचं काम तिथल्या तिथे उरकलं. पराभव सौ. सरोज यांच्या उठण्यामुळे झाला, यावर एकमत झालं. खेळाडूबद्दल मात्र सगळे हळहळले. "बिचाऱ्याने केवढा विचार केला हो!" फळ्यावरची सूचना पुसली गेली आणि मंडळी चहा मागवून थोडा वेळ बसली. चहा सरोजने केला.

सगळे पांगल्यावर ती कप विसळत होती. मनूचा ताप उतरला होता. ती ओट्यापाशी येऊन उभी राहिली, आईच्या ओल्या पदराचं टोक धरून, आणि बराच वेळ तिच्या दुखऱ्या पायाकडे बघत राहिली.

"आई," तिने विचारलं, "आता कोण जिंकलं की तू बसशील?"