पट्ट्याची भोकं

मोसमातल्या पहिल्याच सामन्यात विल्फ ऑग्डनची पँट घसरली. चेंडू सोडायला तो वाकला. चेंडू हिरवळीवरून सावकाश पुढे निघाला आणि पँट सावकाश गुडघ्यांकडे निघाली. दोघंही आपापल्या ठिकाणी एकाच वेळी पोचले. थॉर्नक्लफ गावच्या बोल्स क्लबात, म्हणजे हिरवळीवर चेंडू घरंगळवायच्या खेळाच्या क्लबात, टाळ्या पडल्या. त्या नेमक्या कशाला पडल्या, हे विल्फला शेवटपर्यंत कळलं नाही.

"वर घे, वर घे!" केन ओरडला. "बायका आहेत इथं!"

"बायका चष्मे शोधतायत," मागून कुणीतरी म्हणालं.

केन आणि विल्फनी एकाच डेपोत तीस वर्षं बस चालवली होती. केनने मित्राला झाडाआड नेलं आणि बघितलं तर पँटच्या कमरेला झोपायच्या गाउनची दोरी. गुलाबी. टोकाला गोंडे.

"हे काय रे?"

"डोरीनची आहे. पट्ट्याची भोकं संपली."

"आणखी पाडायची की!"

"चार पाडली खिळ्यानं. पाचव्याला पट्टाच तुटला."

केन त्याच्याकडे बघत राहिला. चौदा महिन्यांपूर्वी, विल्फची बायको डोरीन हिच्या दफनाच्या दिवशी, विल्फच्या कोटाची बटणं लागत नव्हती. आज त्याच कोटात केनही आत शिरला असता. पाच स्टोन, म्हणजे बत्तीस किलो माणूस कुठंतरी गेला होता आणि रोज भेटणाऱ्या केनला त्याचा पत्ता नव्हता.

"डॉक्टरकडे गेलास?"

"गेलो. ठणठणीत आहे म्हणाला. अभिनंदन केलं."

"मग कुठल्या मंडळात गेलास?"

"मंडळात-बिंडळात आपण जात नाही," विल्फ म्हणाला आणि गोंडे आत खोचले.

मंडळ म्हणजे मंगळवारचं. चॅपलच्या, म्हणजे गावच्या छोट्या चर्चच्या, हॉलमध्ये दर मंगळवारी सहा वाजता बायका जमत, चपला काढून वजनकाट्यावर चढत, आणि ज्या बाईचं वजन सर्वांत जास्त उतरलं असेल तिला फळांची टोपली मिळे. डोरीन अठरा वर्षं तिथं जात होती. कोट घालायची, लिपस्टिक लावायची, दारामागे टांगलेल्या विल्फच्या डेपोच्या पट्ट्याला जाता जाता हात लावायची आणि निघायची. परत आली की विल्फ टीव्हीवरून नजर न काढता विचारायचा, "किती?"

"अर्धा पौंड कमी."

"मागच्या मंगळवारी अर्धा पौंड जास्त होतं."

"म्हणून तर कमी झालं."

"अठरा वर्षं जातेस आणि आहेस तेवढीच आहेस. काटा बिघडलाय की तू?"

"मी," ती म्हणायची आणि त्याच्यासमोर ताट ठेवायची.

हे बोलणं दर आठवड्याला व्हायचं. त्यात एक शब्द इकडचा तिकडे झाला तर दोघांनाही चुकल्यासारखं वाटायचं.

बत्तीस किलो कुठं गेले ते विल्फला ठाऊक होतं. त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, एवढंच. शेवटच्या हिवाळ्यात, हॉस्पिटलच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांत, डोरीन स्ट्यू करत सुटली होती. मटण, बटाटे, गाजरं, वर पिठाचे गोळे. मार्गारिनच्या, म्हणजे वनस्पती लोण्याच्या, छोट्या रिकाम्या डब्यांत भरून तिनं गॅरेजमधला फ्रीझर गच्च केला. प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी आणि पट्टीवर तिचं अक्षर. 'स्ट्यू. मीठ घातलंय, पुन्हा घालू नकोस.' 'स्ट्यू. सोबत मटार खा, मरणार नाहीस.' ती गेल्यावर विल्फ रोज एक डबा खायचा. एक दिवस त्यानं वाकून उरलेले मोजले. त्या दिवसापासून एक डबा दोन दिवस. बाकी चहा आणि पाव. रोज संध्याकाळी टेकडीवरच्या दफनभूमीपर्यंत पायी जायचं आणि तिला सांगायचं, अजून एवढे उरलेत.

आज सोळा उरले होते.

केनने कुणाला सांगणार नाही असं वचन दिलं आणि ते पाळलं. फक्त बायकोला सांगितलं. केनची बायको मंडळात होती.

रविवारी चॅपल सुटल्यावर डॉट हारग्रीव्ह्ज विल्फच्या दारात उभी. डॉट मंडळाची चालक, आवाज असा की तिला फोनची गरजच काय, असं गावात म्हणत. आत आली, बसली नाही, त्याच्या कमरेकडे बघत राहिली.

"पट्टा कुठल्या भोकावर होता रे, तुटला तेव्हा?"

हा काय प्रश्न झाला, असं विल्फला वाटलं. "चौथ्या. म्हणजे मी पाडलेल्या चौथ्या."

"म्हणजे कंपनीची पाच सोडून चौथ्या." डॉटने बोटांवर मोजलं आणि पर्समधून रुमाल काढून नाक शिंकरलं. "सर्दी आहे. काय करतोस तरी काय तू?"

"अर्धं खातो."

"कशाचं अर्धं?"

"जे असेल त्याचं."

"बरं. आता ऐक. हॉलचा बॉयलर फुटलाय, जमिनीवर पाणीच पाणी. मंगळवारी काटा ठेवायला जागा नाही. तुझी गाडी विकली, गॅरेज रिकामं आहे."

"माझ्या बैठकीच्या खोलीत..."

"गालिचा आहे तिथं. गालिच्यावर काटा खोटं बोलतो. सिमेंटची जमीन लागते."

"बघू," विल्फ म्हणाला.

थॉर्नक्लफमध्ये तोंडावर 'नाही' म्हणायची पद्धत नाही. 'बघू' म्हणतात. पण तो पुरेसा हळू म्हणाला नसावा.

"ठरलं मग," डॉट म्हणाली आणि गेली.

सोमवारपर्यंत 'विल्फचं अर्धं' गावभर झालं. बेकरीत बायका बन घेऊन अर्धा कापून मागू लागल्या. "उरलेला अर्धा काय करता?" बेकरीवाल्यानं विचारलं. "चार वाजता खातो," बायका म्हणाल्या.

मंगळवारी एकोणीस बायका गॅरेजमध्ये आल्या. बाहेर एप्रिलअखेरचा थंडगार वारा होता, तरी चपला निघाल्या, कोट निघाले, कानातले आणि घड्याळंही निघाली. एका बाईनं तर दात काढून पर्समध्ये ठेवले आणि म्हणाली, "दोनशे ग्रॅम असतील." काट्यावर चढण्याआधी चहा घ्यायचा नाही आणि उतरल्यावर चहावाचून राहायचं नाही, असा मंडळाचा नियम होता. चहाची मोठी किटली विजेवरची. डॉट प्लग हातात घेऊन भिंतीभोवती फिरली, कोपऱ्यात काहीतरी खुडबुड केली, आणि पंधरा मिनिटांत किटली उकळली.

मग बायकांनी विल्फला पुढे ओढलं. "बोल, बोल!"

विल्फ आयुष्यात कधी चार माणसांसमोर बोलला नव्हता. पण बत्तीस किलोंचा थोडासा अभिमान कुणाला नसतो?

"सांगण्यासारखं काही नाही," तो म्हणाला. "आमची डोरीन अठरा वर्षं तुमच्या मंडळात आली. मी एक दिवस आलो नाही. आणि बघा."

हशा पिकेल असं त्याला वाटलं होतं. एकही बाई हसली नाही. सगळ्या डॉटकडे बघायला लागल्या आणि डॉटची सर्दी पुन्हा वाढली.

बुधवारी विल्फनं आधीच काढून ठेवलेल्या डब्याचा दुसरा अर्धा खाल्ला. गुरुवारी सकाळी तो नवा डबा आणायला गॅरेजमध्ये गेला आणि त्याचे मोजे भिजले. जमिनीवर पाणी होतं. फ्रीझर गप्प होता. त्याचा प्लग भिंतीला लोंबकळत होता आणि सॉकेट रिकामं होतं.

झाकण उघडलं. चौदा डबे पाण्यात तरंगत होते. काही चिकटपट्ट्या सुटून होड्यांसारख्या फिरत होत्या. त्यानं एकेक पट्टी उचलून गुडघ्यावर चिकटवली, मग दुसऱ्या गुडघ्यावर, आणि तिथंच उलट्या बादलीवर बसला.

केन आला तेव्हा तो तसाच बसलेला होता.

"पुन्हा गोठव की," केन म्हणाला.

"एकदा वितळलं की पुन्हा गोठवायचं नाही. तिचा नियम."

"वास तर चांगला येतोय."

"अजून गार आहेत. आजचा दिवस टिकतील."

"मग आज खा."

"चौदा?" विल्फ म्हणाला. "केन, मला वाटलं होतं मेअखेरपर्यंत पुरतील. तिचा वाढदिवस असतो. एक त्या दिवसाला ठेवला होता."

केनने तीस वर्षं त्याच्या शेजारी बस लावली होती. त्यानं आपल्या परीनं मदत केली. म्हणजे बायकोला फोन केला.

दहा मिनिटांत डॉट धावत आली. एवढ्या वजनाची बाई धावताना त्या गल्लीत कुणी पाहिली नव्हती.

"मी काढला प्लग," ती म्हणाली. "किटलीसाठी. एकट्या पुरुषाच्या फ्रीझरमध्ये बर्फाशिवाय काय असणार, म्हटलं. विल्फ, मला शिव्या घाल."

विल्फनं शिव्या घातल्या नाहीत. गुडघ्यावरची एक पट्टी तिला दाखवली. 'मटार खा, मरणार नाहीस.' डॉटनं ती वाचली, गुडघ्यावरच्या बाकीच्याही वाचल्या, आणि मग तिला कळलं की विल्फ अर्धं कशाचं खात होता.

तिनं सुटत आलेली एक पट्टी त्याच्या गुडघ्यावर अंगठ्यानं पुन्हा दाबून बसवली.

"टाकायचं नाही," शेवटी ती म्हणाली. "एक थेंबही. मोठं भांडं कुठाय?"

दुपारी एकला एकोणीस बायका, केन आणि विल्फ स्वयंपाकघरात, बैठकीत, जिन्याच्या पायऱ्यांवर बसून डोरीनचा स्ट्यू खात होते. कुणी पाव आणला, कुणी मटार. चौदाही डबे उकळून एका पातेल्यात गेले होते. बायका आधी पाहुण्यांसारख्या अर्धा अर्धा डाव घेऊन बसल्या. मग दात काढणारी बाई म्हणाली, "डोरीनचे गोळे म्हणजे डोरीनचेच," आणि उठून पुन्हा वाढून घेतलं. त्यानंतर धरबंध राहिला नाही. जिन्यावरून ताटं खाली येत होती आणि भरून वर जात होती. डोरीन काट्यावर चढताना काय विनोद करायची, बॉयलर बंद पडला की कशी कोट घालून नाचायची, हे विल्फला पहिल्यांदाच ऐकायला मिळत होतं. चौदा महिने ही बाई फक्त त्याचीच होती. आज ती एकोणीस जणींची निघाली. त्याला वाटलं होतं वाईट वाटेल. त्यानं तिसऱ्यांदा वाढून घेतलं.

"मार्गारिनचेच डबे का होते रे सगळे?" केनच्या बायकोनं विचारलं.

"आधी आइस्क्रीमचे मोठे असायचे," विल्फ म्हणाला. "दोन लिटरचे. मग हळूहळू हे आले. मी विचारलं तर म्हणाली, आइस्क्रीम कोण खातं आता. ताटंसुद्धा लहान आणली. म्हणाली, मोठी फुटली."

पुन्हा सगळ्या डॉटकडे बघायला लागल्या.

"सांग आता," दात काढणारी बाई म्हणाली. "वचन दिलं होतंस ते तिला. ती आता काय करणार आहे?"

डॉटनं पर्स उघडली आणि एक जुनं कार्ड काढलं. मंडळातल्या प्रत्येकीचं असतं तसं, घड्या पडलेलं, दोऱ्यानं पुढे जोडत नेलेलं. वर नाव होतं: विल्फ ऑग्डन. त्याखाली: गैरहजर.

"पहिल्याच मंगळवारी ती मला म्हणाली, मी माझ्यासाठी नाही आले. डॉक्टर म्हणतो आमच्या म्हाताऱ्याचं हृदय एवढं ओझं ओढणार नाही. त्याला सांगितलं तर चिडून दुप्पट खाईल. त्याला न कळता कसं उतरवायचं, ते शिकव."

"पण वजन?" विल्फ म्हणाला. "मी कधी काट्यावर..."

"तू कुठला चढतोस! ती निघताना तुझा पट्टा बघून यायची. बकल लागून कुठलं भोक मळलंय ते."

विल्फनं कार्ड डोळ्यांजवळ नेलं. अठरा वर्षांचे मंगळवार. पहिलं. पहिलं. पहिलं. दुसरं. दुसरं. नाताळ: पहिलं. दुसरं. मग कितीतरी वर्षं तिसरं. शेवटच्या ओळीत चौथं आणि पुढे तिची खूण, छोटी चांदणी. त्यापुढे चौदा महिने कोरे.

"अर्धा पौंड कमी, अर्धा पौंड जास्त," तो पुटपुटला.

"ते तिचं स्वतःचं. त्याकडे तिनं कधी लक्षच दिलं नाही."

डॉटनं पेन काढलं. कोऱ्या ओळीत लिहिलं: नववं. खाली पुढची ओळ घेतली आणि थांबली. "आता काय लिहू? पट्टा तुटला ना?"

"दोरी लिही," विल्फ म्हणाला. "गुलाबी."

पुढच्या मंगळवारपर्यंत हॉलचा बॉयलर दुरुस्त झाला. त्या दिवशी मंडळाच्या इतिहासात कधी झालं नव्हतं ते झालं. एकोणीसच्या एकोणीस बायकांचं वजन वाढलं. फळांची टोपली कुणालाच देता येईना. डॉटचं स्वतःचं अडीच पौंड वाढलं आणि तिनं काट्याला दोष दिला.

त्याआधी, साडेपाचला, केन गल्लीच्या टोकाला उभा होता. विल्फ दाढी करून, कोट घालून येताना दिसला. कमरेला नवा पट्टा होता आणि हातात धुतलेला मार्गारिनचा डबा.

"कुठं निघालास?"

"मंडळात. बायका गोळे कसे करायचे ते शिकवणार आहेत."

"मंडळात!" केनला हसू आवरेना. "आणि त्या दिवशी झाडाआड उभा राहून काय सांगत होतास, आपण मंडळात-बिंडळात जात नाही! आज पहिल्यांदा चाललास, तर टोपली तरी घेऊन ये."

विल्फ थांबला. कोटाच्या आतल्या खिशात डॉटनं दिलेलं कार्ड जागेवर आहे ना, ते त्यानं वरूनच चाचपलं.

"पहिल्यांदा कुठलं रे," तो म्हणाला. "अठरा वर्षं जातोय."