पुस्तकात नऊ, गाडीत सहा

गाडीच्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही. सासऱ्यांनी आपली डिझेल पिकअप एका जावयाला द्यायचं ठरवलं, तेव्हा ती मलाच मिळणार असं मी बायकोला छातीठोकपणे सांगून टाकलं. स्पर्धेत होता फक्त धाकटा साडू, आणि त्याला टायरमध्ये हवा भरायलाही माणूस लागतो!

रविवारी तुमच्याबरोबर एक चक्कर मारतो, मग ठरवतो, असं सासरे म्हणाले. मी आदल्या दिवशीच गाडी घरी आणली आणि जुनं कूलंट काढून नवं भरलं. गाडीच्या पुस्तकात नऊ लिटर लिहिलं होतं. सहा लिटरमध्येच रेडिएटर काठोकाठ! कंपन्या उगाच फुगवून लिहितात, असं म्हणून मी झाकण लावलं आणि तीन लिटर वाचवल्याबद्दल बायकोकडून कौतुकही करून घेतलं.

उरलेल्या तीन लिटरच्या जागी आत हवा अडकली होती, हे ज्ञान मला फार उशिरा झालं. रविवारी भर दुपारी चढ लागला आणि तापमानाचा काटा वर सरकू लागला. थांबलो असतो तर सासऱ्यांसमोर पितळ उघडं पडलं असतं. इंजिन तापलं की हीटर पूर्ण चालू करायचा, म्हणजे त्याची उष्णता केबिनमध्ये येते, एवढं कुठेतरी ऐकलं होतं. मी गुपचूप हीटर लावला आणि झोत पायांकडे वळवला. काटा थांबला. धुळीमुळे काचा बंदच होत्या.

थोड्या वेळाने सासरे मान पुसू लागले. तुम्हालाही गरम होतंय का, असं त्यांनी विचारलं.

"छे! मला तर छान वाटतंय, बाबा," मी म्हणालो. माझा शर्ट पाठीला चिकटला होता, पण पाठ त्यांना दिसत नव्हती.

त्यांचा चेहरा उतरला. घाम आपल्या एकट्यालाच फुटतोय, याचा त्यांनी सरळ अर्थ लावला. छातीवर हात ठेवून ते म्हणाले, "जावईबापू, दवाखान्यात घ्या. आणि माझं काही बरंवाईट झालं, तर गाडी तुमची."

मला मनापासून लाज वाटली. पण हीटर बंद केला तर इंजिन जाणार होतं, आणि इंजिन आता जवळजवळ माझं होतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सासऱ्यांना तपासलं. ठणठणीत! मग बाईंची नजर माझ्यावर गेली. ओलाचिंब शर्ट, लालबुंद तोंड. त्यांनी माझं ब्लडप्रेशर मोजलं, पुन्हा मोजलं आणि मलाच भरती करून घेतलं.

सासरे खाटेशेजारी बसले. एवढा त्रास होत असूनही तुम्ही माझ्यापायी बोलला नाहीत, असं म्हणताना त्यांचे डोळे भरून आले. हीटरचं सांगायला मी तोंड उघडलं, तर त्यांनी मायेने हात धरला.

"काही बोलू नका. आणि यापुढे गाडीला हात लावायचा नाही."

पिकअप साडूला गेली. त्याने ती गॅरेजमध्ये नेऊन आतली हवा काढून घेतली. खरं काय ते सांगितलं, तर सासरे जन्मात माझं तोंड बघणार नाहीत, म्हणून मी आजारीच राहिलो आहे. घरात आळणी जेवतो. दर रविवारी साडू त्याच पिकअपमधून मला तपासणीला नेतो, आणि गाडीची निगा कशी राखावी, हे वाटेत समजावून सांगतो.