अठरा किलोंची होडी

होडी काट्यावर ठेवली, आकडा उमटला सतरा किलो सातशे, आणि निरीक्षकसाहेबांच्या तोंडचे पाणी पळाले. नियमाप्रमाणे होडी अठरा किलोंची हवी. उद्या शर्यत संपल्यावर पुन्हा वजन होणार, आणि कमी भरली की जोडी बाद.

दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावून मोकळा झाला असता. पण हे साहेब पडले वजनमापे खात्याचे निरीक्षक! बावीस वर्षे दुकानादुकानांतून हिंडून त्यांनी खोटे काटे पकडले होते. रजा मिळाली की मात्र ते आणि त्यांचा मेव्हणा, जो एरवी लोकांचे गळके नळ दुरुस्त करी, एकाच होडीत बसून खळाळत्या नद्यांमधल्या आंतरराष्ट्रीय शर्यतींना जात. यंदाच्या हंगामात पाच देशांत पाच शर्यती होत्या. चार झाल्या होत्या आणि गुणांमध्ये जोडी तिसरी होती. उद्या पहिल्या पाचांत आले की कांस्यपदक पक्के.

घोळ झाला तो चौथ्या शर्यतीनंतर. होडी खडकावर आपटली. घरी आणल्यावर मेव्हण्याने ती सांधली, आतली बैठक पुन्हा आवळली. साहेबांनी घरच्या काट्यावर ठेवली तर जरा जड भरली. "फुकटचा भार मी नदीतून वाहणार नाही," म्हणत त्यांनी चार दिवस पॉलिश पेपरने घासघासून ती बरोब्बर अठरावर आणली होती.

"काटा खोटा आहे तुमचा," साहेब पंचांना म्हणाले.

पंच वयस्कर होते आणि त्यांनी असे पुष्कळ पाहिले होते. "मग तपासा की!"

साहेबांच्या पिशवीत शिक्क्याचे दोन किलोंचे पितळी वजन कायम असे. ते त्यांनी काट्यावर मधोमध ठेवले, मग चारी कोपऱ्यांत ठेवले. काट्याने पाचही वेळा दोन किलोच दाखवले.

साहेब मटकन खाली बसले. "म्हणजे घरचा काटा खोटा. त्याच्यावर माझा शिक्का आहे रे! तो खोटा, तर गावातले चारशे काटे कशावरून खरे?"

"भाऊजी, तीनशे ग्रॅमचा तर प्रश्न आहे," मेव्हणा म्हणाला. "पिशवीतली छोटी वजनं आत चिकटवू या."

"शिक्क्याची वजनं? अरे, वजनाने अक्रोड फोडले म्हणून मी एका बाईला नोटीस दिली होती!"

शेवटी मेव्हण्याने काठावरचे गोटे वजन करकरून तीनशे ग्रॅमचा एक निवडला आणि बैठकीखाली चिकटपट्टीने घट्ट बसवला. होडी अठरा भरली. साहेबांना त्याचे सोयरसुतक नव्हते. ते राजीनाम्याचा मजकूर जुळवत होते.

बायकोने फोनवर समजावले, "अहो, आधी शर्यत करा, मग नोकरी सोडा."

दुसऱ्या दिवशी होडी सुटली. साहेब पुढे, मेव्हणा मागे. मेव्हणा जीव तोडून वल्हवत होता आणि साहेब चहात चमचा फिरवावा तसे वल्हे फिरवत होते.

"भाऊजी, मारा की!"

"चारशे काटे," साहेब पुटपुटले.

समोर पाणी उतारावरून धो धो कोसळत होते. आता मात्र मेव्हण्याचा नाइलाज झाला. तो ओरडला, "भाऊजी, तुमचा काटा खरा आहे! घरी वजन केलं तेव्हा माझा पाना होडीच्या टोकात अडकलेला होता!"

"काय?"

"काल सरावानंतर पाणी ओतायला होडी उलटी केली, तेव्हा पडला! मी गुपचूप खिशात टाकला!"

"मग काल काय दातखीळ बसली होती?"

"तो पाना ताईने भंगारात घातला म्हणून पंधरा दिवस तिच्याशी भांडलोय मी! आता कुठल्या तोंडाने सांगू?"

"गाढवा!" साहेब गरजले आणि त्यांनी वल्हे असे हाणले की मागे बसलेल्या मेव्हण्याच्या नाकातोंडात पाणी गेले. पुढची सगळी नदी ते शिव्या देत आणि हसत उतरले. जोडी चौथी आली. होडी अठरा भरली. कांस्यपदक मिळाले.

पंच हात मिळवायला आले तर साहेबांनी त्यांच्यापुढे पाना धरला. "हा काट्यावर ठेवा."

"पाना कशाला? तो काही शर्यतीत नव्हता."

"माझी अख्खी नोकरी त्याच्यावर आहे हो. ठेवा!"

तीनशे ग्रॅम. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांनी ते पंचांकडून एका चिठ्ठीवर सही-शिक्क्यानिशी लिहून घेतले, पाना कुठे सापडला त्यासकट.

घरी बायकोने पदक पाहिले, "छान आहे हो," म्हणाली आणि किल्ल्यांच्या खिळ्याला अडकवले. चिठ्ठी मात्र तिने दोनदा वाचली.

"म्हणजे मी भंगारात घातला नव्हता तर!"

ती चिठ्ठी साहेबांना कचेरीत लावायची होती, पण ती काही त्यांना परत मिळाली नाही. बायकोने तिला चौकट करून घेतली आणि भाऊ जेवायला येतो तेव्हा ज्या खुर्चीवर बसतो तिच्या बरोबर समोर टांगली. हल्ली मेव्हणा आला की मुकाट्याने समोरच्या बाजूला, चौकटीकडे पाठ करून बसतो. मग ताई त्याला वाढते, हात पुसते आणि चौकट काढून त्याच्या समोरच्या भिंतीवर लावते. तिथेही तिने एक खिळा ठोकून ठेवला आहे.