सर कुणावर ओरडले?

मंगळवारी दुपारी चार वाजून पाच मिनिटांनी सरांनी स्वतःच्या ड्रायव्हिंग स्कूलची पाटी स्वतःच्याच गाडीने वाकवली. फाटकाशेजारच्या लोखंडी खांबासकट ती रस्त्याकडे झुकली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला नमस्कार केल्यासारखी उभी राहिली. पाटीवर लिहिलं होतं, ‘सावकाश शिका, निर्धास्त चालवा. अठ्ठावीस वर्षांत एकही ओरखडा नाही.’ गाडीचा मागचा दिवा फुटला होता आणि पाटीवरच्या ‘एकही’ या शब्दावरून हातभर लांब ओरखडा गेला होता.

अठ्ठावीस वर्षं शिकवणाऱ्या माणसाच्या हातून असं होतंच कसं, असं कुणीही विचारील. खरं तर अठ्ठावीस वर्षं शिकवल्यामुळेच झालं. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही दोन पेडल असतात, क्लच आणि ब्रेक. मास्तरच्या उजव्या पायाखाली ब्रेक. सरांचं उभं आयुष्य त्या सीटवर गेलं होतं. संध्याकाळी घरी आणून सोडायचं कामसुद्धा शेवटचा विद्यार्थी करायचा, त्यामुळे स्टिअरिंगमागे बसायची वेळ त्यांच्यावर महिनोन्‌महिने येत नसे. त्या दिवशी तीनच्या तासाच्या ग्रंथपालबाई गाडी फाटकासमोर लावून घरी गेल्या. गाडी आत घ्यायला म्हणून सर चालकाच्या जागेवर बसले, हँडब्रेक सोडला, रिव्हर्स टाकला. खांब जवळ येताना दिसला तसा उजवा पाय सवयीने उजवीकडच्या शेवटच्या पेडलवर गेला. चालकापुढचं उजवीकडचं शेवटचं पेडल ब्रेकचं नसतं, ॲक्सिलरेटरचं असतं. गाडी सुसाट मागे गेली.

"ब्रेक! अरे ब्रेक दाब! झोपलायस का?" सर ओरडले, आणि पाय आणखी जोरात दाबला.

बायको खिडकीत आली. ती दाताच्या दवाखान्यात स्वागतिका होती आणि त्या दिवशी नेमकी घरी होती. तिने आधी पाटीकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग सरांकडे.

"अहो, कोणावर ओरडत होता?"

"कोणावर नाही."

"ऐकत नव्हता वाटतं तो."

सरांनी तिला हाताने गप्प राहायची खूण केली आणि मागच्या खोलीच्या दाराकडे बोट दाखवलं. दार बंद होतं. तिनेही लगेच आवाज खाली आणला.

या घरात ती रीतच पडली होती. काही सांडलं, फुटलं, हरवलं की आधी मागच्या खोलीचं दार लागलंय का ते बघायचं, मग पुसायला घ्यायचं. कारण मागच्या खोलीत चिमणी राहायची. चिमणी म्हणजे सरांची मुलगी. ती गाणी स्वतः लिहायची, स्वतः चाल लावायची, भिंतींना गोधड्या टांगून तिथेच रेकॉर्ड करायची आणि स्वतःच नेटवर टाकायची. पाठीमागे ना कंपनी, ना कुणी मोठा निर्माता. "स्वतःची गाडी, स्वतःच चालक, शेजारी मास्तर नाही," असं सर लोकांना अभिमानाने सांगत. अडचण एवढीच होती, की चिमणी मनाने रचलेलं काही लिहीत नसे. तिला खरंच घडलेलं लागायचं, आणि घडायचं सगळं घरच्यांनाच.

मामांनी एकदा आपली किल्ली लागत नाही म्हणून कुलूपवाला बोलावून दार उघडून घेतलं होतं. आत गेल्यावर कळलं की आपण एक मजला आधीच थांबलो. त्या प्रसंगाचं गाणं झालं, आणि आता मामा दुकानात शिरले की दुकानदार ते गुणगुणतो. आईने दवाखान्यातल्या प्लास्टिकच्या रोपाला आठ महिने पाणी घातलं होतं. त्याचं इतकं हळवं गाणं झालं, की दात काढायला आलेली माणसं आधी आईचा हात हातात घेत.

सरांवर मात्र एकही गाणं नव्हतं. "गाण्याला चूक लागते," ते चारचौघांत सांगत, "आमच्याकडे तो माल नाही." त्यामुळे फुटलेल्या दिव्यापेक्षा त्यांना मागच्या खोलीची धास्ती जास्त होती. गावभर शिकवलेले विद्यार्थी, प्रत्येकाच्या फोनमध्ये चिमणीची गाणी, आणि त्यात एक गाणं पाटीचं.

ते फुटक्या दिव्याचे तुकडे वेचत असतानाच मागच्या खोलीचं दार उघडलं. चिमणी गळ्यात हेडफोन अडकवून फाटकापर्यंत आली.

"बाबा, गाडीत कोण होतं? मी रस्त्याचे आवाज घेत होते, माइक खिडकीबाहेर होता. धडकेपर्यंतचं सगळं रेकॉर्ड झालंय. केवढ्याने ओरडलात तुम्ही."

सरांच्या हातातला काचेचा तुकडा हातातच राहिला. गाडीत कोणीतरी आहे असं ती समजली होती. आयती पळवाट समोर आली होती आणि सर त्या वाटेला लागले.

"शिकाऊ," ते म्हणाले.

"तीनला ग्रंथपालबाई असतात ना?"

सर काही बोलले नाहीत. गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. चिमणी पाटीकडे बघत हळूच म्हणाली, "बिचाऱ्या," आणि आत गेली. मागच्या खोलीचं दार लागलं. थोड्या वेळाने आतून गिटार ऐकू आली, तेव्हा बायको म्हणाली, "झालं. पेरलंत तुम्ही."

दुसऱ्या दिवशी तीन वाजता ग्रंथपालबाई आल्या. वय पंचावन्न, चश्म्याला दोरी, बोलणं कायम दबक्या आवाजात. आयुष्यभर वाचनालयात बसून ती सवयच झाली होती. त्यांची थोरली बहीण पलीकडच्या गावात एकटी असायची आणि हल्ली अंथरुणावरून उठत नव्हती. तिकडे जाणारी बस दिवसातून एकच. म्हणून बाईंनी या वयात गाडी शिकायला घेतली होती, आणि येत्या सोमवारी त्यांची परीक्षा होती.

वाकलेली पाटी बघून त्या जागच्या जागी थांबल्या. मग गाडीची मागची बाजू पाहिली.

"सर, काल मी हँडब्रेक ओढायला विसरले का हो? गाडी घरंगळली?"

आता खरं सांगायला हवं होतं. सरांनी तोंड उघडलंही. पण मागच्या खोलीची खिडकी उघडी होती आणि तिथून माइकचा दांडा बाहेर डोकावत होता.

"असं होतं कधी कधी," सर म्हणाले.

बाईंचा चेहरा इतका उतरला, की सरांना स्वतःची शरम वाटली. त्यांनी तो तास फार प्रेमाने घेतला, एकदाही "आरसा" म्हणून खेकसले नाहीत. बाईंनी त्याचा अर्थ असा लावला, की आपल्या हातून फारच मोठं काही घडलं आहे. गुरुवारी सर म्हणाले, "तुम्ही हँडब्रेक ओढला होता, मी पाहिलं होतं." बाई म्हणाल्या, "तुम्ही मोठ्या मनाचे आहात." शुक्रवारी सरांनी सुचवलं, की खांबच मुळात कच्चा होता. बाईंनी पर्समधून रुमाल काढून डोळे पुसले. थोडं थोडं खरं सांगून काम भागत नव्हतं, आणि सगळं खरं सांगायची छाती होत नव्हती. सोमवारी परीक्षा होऊ दे, मग निवांत सांगू, असं ठरवून सर मोकळे झाले.

शनिवारी संध्याकाळी वाचनालयाच्या सभागृहात चिमणीचा कार्यक्रम होता. आधी गाण्यामागची खरी हकिगत सांगायची आणि मग गाणं म्हणायचं, अशी तिची पद्धत. ऐंशी खुर्च्या भरल्या होत्या. त्यातले निदान पन्नास जण सरांचे आजीमाजी विद्यार्थी होते. पहिल्या रांगेत सर, बायको आणि मामा. खुर्च्या मांडून झाल्यावर ग्रंथपालबाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या होत्या.

कुलपाचं गाणं झालं, मामांनी उठून हात जोडले. रोपाचं गाणं झालं, दोघांनी नाक शिंकरलं. मग चिमणीने गिटार मांडीवर आडवी ठेवली.

"पुढचं गाणं नवीन आहे," ती म्हणाली. "नाव आहे ‘ती गप्प होती’. या मंगळवारी माझ्या माइकवर एक आवाज आला. आधी ऐका."

सभागृहात सरांचा आवाज घुमला. "ब्रेक! अरे ब्रेक दाब! झोपलायस का?" पाठोपाठ काच, लोखंड आणि शांतता.

"ही टेप मी पन्नास वेळा ऐकली," चिमणी म्हणाली. "एका शिकणाऱ्या बाईवर माझे वडील एवढे ओरडले आणि तिच्या तोंडून एक शब्द नाही. हुंदकासुद्धा नाही. माझे वडील आहेत, मला फार आवडतात, पण हे गाणं तिच्या बाजूचं आहे."

ऐंशी माना सरांकडे वळल्या. कुणीतरी मागून च्‌ च्‌ केलं. "झोपलायस म्हणाले बाईमाणसाला," असंही ऐकू आलं. सरांनी खुर्चीत बसल्या बसल्या उजवा पाय जमिनीवर दाबला. त्याने काही थांबलं नाही.

"एक मिनिट," भिंतीकडून दबका आवाज आला. ग्रंथपालबाई वाचनालयात पहिल्यांदाच चार माणसांना ऐकू जाईल असं बोलत होत्या. "ती बाई मी. पण सर माझ्यावर ओरडले नाहीत. मी तेव्हा गाडीत नव्हतेच. मी गाडी लावून गेले आणि हँडब्रेक ओढायला विसरले. गाडी आपोआप घरंगळली असणार. सर बिचारे रिकाम्या गाडीवर ओरडत असतील."

सभागृहात एकदम हलकं वाटलं. माना पुन्हा सरांकडे वळल्या, या वेळी मायेने. मामा कानात पुटपुटले, "भाऊजी, सुटलात." आणि सर खरोखरच सुटले होते. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"चूक माझी आहे," बाई पुढे म्हणाल्या. "म्हणून मी सोमवारची परीक्षा देणार नाही. मला जमण्यातलं नाही ते. अर्ज मागे घ्यायची चिठ्ठीसुद्धा लिहून ठेवलीय."

सर उठले. मान खाली घालून उठले, पण उभे राहिल्यावर अठ्ठावीस वर्षांची सवय अंगात आली आणि ते वर्गासमोर राहतात तसे ताठ राहिले.

"गाडी रिकामी नव्हती," ते म्हणाले. "मी होतो. चालकाच्या जागेवर. एकटाच."

चिमणीची बोटं तारांवर थांबली. मामांनी विचारलं, "मग ओरडत कोणावर होतात?"

"स्वतःवर."

आधी कुणालाच कळलं नाही. सरांनी एक खुर्ची ओढली, तीवर बसले आणि पायांनी दाखवायला सुरुवात केली. हा मास्तरचा क्लच, हा मास्तरचा ब्रेक. आता मास्तर इकडे सरकला. पाय तोच, जागा तीच, पेडल मात्र भलतं. मागच्या रांगा बघायला उभ्या राहिल्या. कुणीतरी फस्सकन हसलं आणि मग सगळं सभागृह हसत सुटलं. सरांनी हसणं ओसरू दिलं. एवढं लक्ष त्यांच्या शिकवण्याकडे आजवर कुणी दिलं नव्हतं.

मग ते उठून भिंतीकडे वळले. "बाई, हँडब्रेक तुम्ही ओढला होता. मी तो सोडला. पाच महिन्यांत तुम्ही तो एकदाही विसरला नाहीत. मी पाटी वाकवली ती पायाची चूक होती. चार दिवस गप्प राहिलो, त्याला पेडलचं कारण नाही. मला लाज वाटते."

बाईंनी चश्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"म्हणजे मी विसरले नव्हते?"

"नाही."

"तीन रात्री झाल्या, मी झोपायच्या आधी गॅस तीन-तीनदा बघतेय, सर. दाराची कडी लावून परत उठतेय. वाटलं, डोकंच गेलं आपलं."

बाईंनी त्यांना तसंच थोडा वेळ उभं ठेवलं, आणि ते त्यांनी अगदी योग्य केलं.

"सोमवारी किती वाजता यायचं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"नऊला. नाही, पावणेनऊला या."

"साडेआठला येते," बाई म्हणाल्या. "आणि सर, गाडी घरापासून मी चालवेन. तुम्ही तुमच्या जागेवर बसा."

त्यावर टाळ्या पडल्या, आणि त्या चिमणीसाठी नव्हत्या.

सोमवारी बाई पास झाल्या. परीक्षकाने शेरा मारला, की उमेदवार हँडब्रेकच्या बाबतीत कमालीचा दक्ष आहे. त्याच दिवसापासून सरांचा फोन वाजायला लागला. फोन करणारे विचारायचे, "ते स्वतःवर ओरडतात ते सर हेच का?" आणि होय म्हटलं की आपलं नाव घालायला सांगायचे. वर्षानुवर्षं भीतीने लांब राहिलेली माणसं येत होती. ज्याच्या हातून कधी ओरखडा उठला नाही अशा माणसाकडे शिकायचा त्यांना धीर होत नव्हता, असं त्यातल्या एकीने सांगितलं.

मंगळवारी दुपारी चिमणी वही घेऊन बाहेरच्या खोलीत आली. मामांच्या वेळी तिने कुणाला विचारलं नव्हतं, आईच्या वेळीही नाही.

"बाबा, ते गाणं फुकट गेलं. तुमच्यावर करू का? नको असेल तर नाही करत."

सरांनी वर्तमानपत्राची घडी घातली. आपल्यावर गाणं नाही याचा इतकी वर्षं मिरवलेला अभिमान आत कुठेतरी टोचत होता, हे त्यांना आत्ता कळलं. लेकीने सगळ्या घरादारावर गाणी केली आणि बापाच्या वाट्याला एक ओळ नाही.

"कर," ते म्हणाले. "पण तांत्रिक चूक चालायची नाही. काय लिहिलंयस दाखव."

त्यांनी वही हातात घेतली. ‘वाऱ्यासारखी’ हा शब्द खोडून ‘ताशी बारा’ असं लिहिलं. ‘काळीज फुटलं’च्या जागी ‘मागचा दिवा फुटला’ केलं. तिसऱ्या कडव्यात बायकोचं "ऐकत नव्हता वाटतं तो" हे वाक्य होतं, म्हणजे तिनेच ते लेकीला सांगितलं असणार; ते त्यांनी दोनदा वाचलं आणि तसंच राहू दिलं. चिमणीने गिटारवर पहिल्यापासून म्हणून दाखवलं. सर डोळे मिटून, मांडीवर ठेका धरून ऐकत होते.

"छान झालंय," ते म्हणाले. "शेवटच्या कडव्यात स्कूलचा फोन नंबर घाल."

"बाबा, तो दहा आकडी आहे. चालीत नाही बसत."

सरांनी बोटांवर मोजून पाहिलं.

"बसतो," ते म्हणाले. "शेवटचे दोन आकडे जरा ओढून म्हण."