मार्थाकाकूंच्या शेजारची जागा

शमुवेलकाका कुणालाही भेटले की आधी तोंडाकडे बघत नाहीत. डोक्यापासून पायांपर्यंत एकदा नजर फिरवतात, मान तिरकी करतात आणि स्वतःशीच काहीतरी पुटपुटतात. नवख्याला वाटतं, म्हातारा कुणाच्या तरी मुलीसाठी स्थळ बघतोय. हिंगणघाटच्या आमच्या मंडळीला मात्र ठाऊक आहे, काका समोरच्याच्या कबरीचं माप घेताहेत.

मंडळी आमची लहान. चाळीसेक घरं, एक चर्च, एक पाळकसाहेब आणि वेणा नदीच्या वाटेवर एक चिंचोळं कब्रस्तान. काका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते, आता सत्तरी ओलांडली आहे. आमच्यात कुणी वारलं की कबर तेच खणतात, मजूर लावू देत नाहीत. त्याला कारण घडलं होतं. पंचवीसेक वर्षांपूर्वी शाळेतल्या एका उंच मास्तरांसाठी मजुरांनी खणलेला खड्डा वीतभर आखूड निघाला. पेटी अर्धी आत गेली आणि अडकली. ती पुन्हा वर ओढावी लागली, तेव्हा मास्तरांच्या पोरी काठावर उभ्या होत्या. काकांनी तिथंच सदरा काढून फावडं घेतलं. "आता असं कोनाचंच नाई होनार," एवढंच बोलले.

आजाऱ्याला भेटायला जाणं हे ते शिष्याचं कामच समजतात. "प्रभूच्या मागं चालाचं म्हंजे खाटेपर्यंत चालाचं," असं त्यांचं म्हणणं. दोन मोसंब्या घेऊन जातात, प्रार्थना करतात आणि उठताना आजाऱ्याची चादर पायांशी नीट करतात. ती करता करता त्यांची वीत चादरीवरून हळूच सरकत जाते. "घाई नाई बाप्पा," ते आजाऱ्याला म्हणतात, "तुमच्या सवडीनं." पोस्टातले जोसेफबाबू काविळीनं पडले होते. काका येऊन गेले त्याच दुपारी त्यांनी भात मागितला. पंधरवड्यानं ते काकांच्या घरासमोरून सायकलवर दोनदा गेले, मुद्दाम घंटी वाजवत.

एकदा एक सव्वासहा फुटी पाहुणे पाळक आले होते. उपदेश कसा झाला, असं मी काकांना विचारलं. "चांगला झाला. पन साहेबाले लवकर गावी पोचवा. उन्हाळ्याचे दिवस हायेत." उन्हाळ्यात आमची काळी माती लोखंड होते.

मागच्या मार्चपर्यंत आम्ही हे सगळं हसण्यावारी नेत होतो.

त्याआधीचे सहा रविवार उपासनेला एक अनोळखी माणूस येत होता. पन्नाशीचा, शर्ट स्वच्छ पण चुरगळलेला. शेवटच्या बाकावर बसायचा. गाणी आमच्याच चालीवर, पण दुसऱ्या कुठल्यातरी भाषेत पुटपुटायचा. नंतर अंगणात चहा प्यायचा, स्वतःचा कप विसळून ठेवायचा आणि निघून जायचा. मी मंडळीचा चिटणीस. नव्या माणसाचं नाव विचारणं हे माझं काम. दर रविवारी वाटायचं, पुढच्या वेळी विचारू.

एका सोमवारी पाळकसाहेबांना पोलीस ठाण्यातून फोन आला. हायवेवरच्या जाम गावच्या चौकात रस्ता ओलांडताना एका माणसाला ट्रकनं उडवलं होतं. खिशात फक्त आमच्या चर्चचा गीतांचा कागद होता. आम्ही दोघं सरकारी दवाखान्याच्या शवागारात गेलो. तोच होता. जामच्या एका ढाब्यावर भांडी घासायचा. ढाबेवाला म्हणाला, "आम्ही त्याले अन्ना म्हणत होतो. हैदराबादकडचा असंन. घरचं कधी बोललाच नाई." पोलिसांनी आठवडाभर वाट पाहिली, कुणी आलं नाही. आता बेवारस म्हणून विल्हेवाट लावायची होती. मंडळी घेत असेल तर देह देऊ, म्हणाले.

आमची पंचकमिटी बसली. कब्रस्तानात मोकळी जागा उरलेली नाही. आहे ती घराघरांच्या नावानं राखलेली. शिवाय सभासदाखेरीज कुणाला पुरायचं नाही, असा नियम. नियम मीच लिहिलेला, म्हणून मीच वाचून दाखवला. एक जण म्हणाले, याचा बाप्तिस्मा झाला होता की नाही तेही माहीत नाही. दुसरे म्हणाले, आज एकाला घेतलं तर उद्या हायवेवरचे सगळेच आणतील.

"पाच फूट चार," दारातून आवाज आला.

शमुवेलकाका उभे होते. आम्हाला वाटलं, झालं यांचं सुरू.

"पयल्याच रविवारी माप पाह्यलं म्या त्याचं," काका म्हणाले. "सहा रविवार आपल्यासंग बसला, चहा पेला. म्या त्याची उंची पाह्यली, पन तुयं नाव काय बाप्पा, हे नाई पुसलं. तुमच्यातून कोनी पुसलं काय?"

मी नियमांची वही मिटली.

"पण काका, जागाच नाही," मी म्हणालो.

"माही हाये ना. थे द्या."

मार्थाकाकू बारा वर्षांपूर्वी गेल्या. त्यांच्या शेजारची जागा काकांच्या नावानं ठेवलेली आहे. दोघांना मूलबाळ नाही. दर शनिवारी काका तिथलं गवत काढतात, काकूंच्या कबरीवरचं आणि स्वतःच्या मोकळ्या जागेवरचंही.

पाळकसाहेब खुर्चीतून उठले. "काका, विचार करून बोला."

"प्रभूलेबी दुसऱ्याच्याच कबरीत ठेवलं होतं ना, साहेब? ज्यानं देल्ली, त्यानं कमिटी नाई बसवली."

खणायला दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी मी पहार घेऊन गेलो. काकांनी नको म्हटलं नाही, एरवी कुणाला हात लावू देत नाहीत. त्यांचे तळहात सोलले होते.

दफनाला आम्ही पाच जण होतो: पाळकसाहेब, काका, मी, ढाबेवाला आणि एक पोलीस शिपाई. क्रुसावर नाव काय घालावं ते कळेना, म्हणून 'अण्णा' एवढंच लिहिलं. प्रार्थना झाली, माती टाकली. बाकीचे गेले.

काका दोन कबरींच्या मधे बसले आणि मार्थाकाकूंच्या दगडावरची धूळ पुसू लागले.

"मार्थे, पाहुना आनला," ते हळूच म्हणाले. "न सांगता आनला, रागवू नको. गरीब मानूस हाये, जास्त बोलत नाई."

मी तिथून सरकणार होतो. त्यांनी मला हाक मारली.

"तिले परक्या मानसाची लई लाज वाटे रे. कोनी घरी आलं का आतल्या खोलीतून बाहेर येतच नव्हती. बारा वर्सं माही वाट पाह्यली तिनं, अन् म्या शेजारी परका आनून झोपवला." त्यांनी दगडावरून पुन्हा हात फिरवला. "बरोबर केलं का म्या?"

"बरोबर केलं," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? मग न राहवून विचारलं, "पण काका, तुमचं काय?"

त्यांनी त्या चिंचोळ्या जमिनीवरून या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत नजर फिरवली. कुठं काय उरलं आहे, ते माझ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक होतं.

"तुमी लावान ना काही सोय?" ते म्हणाले. "दूर देल्ली तरी चालंन. कोपऱ्यात द्या. फक्त तिथून थे दिसली पाह्यजे."