वीस अंशांची अट

यंदाच्या नाताळात आठव्या मजल्यावरसुद्धा माणसं नुसत्या सदऱ्यात जेवायला बसतील आणि ज्याच्यामुळे इमारत तीन हिवाळे कुडकुडली त्याचं नाव चारचौघांत सांगितलं जाईल, असं ल्यूबेन सरांनी जाहीर केलं. जाहीर केलं म्हणजे लिफ्टशेजारच्या फळ्यावर लिहिलं. सर चाळीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेले. फळा दिसला की त्यांचा हात शिवशिवायचा. प्लेवेन गावातल्या त्या इमारतीचे ते अध्यक्ष होते, कारण दुसरं कोणी व्हायला तयार नव्हतं.

इमारतीचं दुखणं जुनं होतं. गावाच्या बॉयलरघरातून उकळतं पाणी तळघरात यायचं, तिथून नळ्यांनी वर चढायचं आणि घरोघरच्या लोखंडी रेडिएटरांतून खोल्या तापवत फिरून परत जायचं. निदान कागदावर तरी असंच होतं. प्रत्यक्षात डावी बाजू म्हणजे भट्टी आणि उजवी म्हणजे बर्फाचा कारखाना. डावीकडे तळमजल्यावर राहणारी दोब्रिन्का ऐन थंडीत खिडक्या सताड उघड्या टाकून बिनबाह्यांच्या झग्यात बसायची. उजवीकडे आठव्यावर सर दोन स्वेटरांवर कोट चढवून वर्तमानपत्र वाचायचे.

नोव्हेंबरच्या शेवटी सरांच्या बायकोनं, रुमियानानं, आपली उशी काखोटीला मारली आणि ती सरळ दोब्रिन्काकडे राहायला गेली. दारात एवढंच म्हणाली, "घरात वीस अंश झाले की हाक मार. एकोणीस झाले तर मारू नकोस."

संध्याकाळी त्या उघड्या खिडक्यांतून दोघींचं खिदळणं थेट आठव्या मजल्यापर्यंत ऐकू यायचं. ते एक वेळ चाललं असतं. पण नाताळच्या आदल्या संध्याकाळी घरच्या सगळ्यांनी घरच्या टेबलाशी एकत्र बसायचं, जेवण पुरं होईस्तोवर कोणी उठायचं नाही आणि मग सगळ्यांनी एकदमच उठायचं, हा तिकडचा रिवाज. बेचाळीस वर्षांत रुमियानाची खुर्ची त्या संध्याकाळी कधी रिकामी राहिली नव्हती. सर वरवर कितीही तोरा मिरवत असले तरी ती खुर्ची रिकामी बघणं त्यांना परवडणारं नव्हतं.

म्हणून त्यांनी विहराबाईंना बोलावलं. इमारतींमधल्या गरम पाण्याची वाटणी लावून देणं हा त्यांचा धंदा. मिस्त्री लोकांचा सरांना दांडगा अनुभव होता. मिस्त्री सोमवारी येतो म्हणतो, पण कुठल्या सोमवारी ते सांगत नाही. आला की आधीच्या मिस्त्रीच्या नावानं बोटं मोडतो आणि सगळंच बदलावं लागेल म्हणतो. विहराबाई मंगळवारी सकाळी आठला येते म्हणाल्या आणि मंगळवारी आठला आल्या. सरांना तिथेच संशय आला.

पन्नाशीच्या, ठेंगण्या, खांद्यावर एक पिशवी, हातात लांबलचक स्क्रूड्रायव्हर. तळघरात फेरी मारून म्हणाल्या, "काही बदलायचं नाही. पाणी भरपूर आहे, ऊबही भरपूर आहे. वाटणी तेवढी बिघडलीय."

काही बदलायचं नाही म्हणणारी मिस्त्री सरांनी जन्मात पाहिली नव्हती. बाई नक्की भोंदू असणार असं त्यांना वाटलं.

इकडे फळ्यावरचा मजकूर वाचून इमारतीत पळापळ झाली. विहराबाई म्हणजे बॉयलरघराकडून आलेल्या तपासनीस आहेत आणि त्या आज कोणाला तरी धरणार, अशी सगळ्यांची समजूत झाली. आणि धरण्यासारखं काही नाही असं घर इमारतीत नव्हतं. चौथ्या मजल्यावरच्या स्पासनं बाल्कनीला काचा लावून स्वयंपाकघर केलं होतं आणि एक रेडिएटर तिकडे ओढून नेला होता. त्यानं त्यावर गालिचा टाकला आणि गालिच्यावर कुंड्या मांडल्या. सातव्यावरच्या पियानोच्या शिक्षिकेनं ऊब वाढावी म्हणून रेडिएटरला पाच जास्तीच्या लोखंडी फण्या जोडल्या होत्या. तिनं त्यांच्यापुढे आठ डिसेंबरलाच नाताळचं झाड उभं केलं. तिसऱ्यावर तर एकानं आपल्या सासूबाईंना बेकायदा रेडिएटरला पाठ लावून बसवलं आणि अजिबात उठायचं नाही म्हणून बजावलं. बिचारी घामानं निथळत हसतमुखानं बसून होती.

सर वही घेऊन विहराबाईंच्या मागे फिरत होते. बाई नळीला हात लावायच्या, स्क्रूड्रायव्हरचं टोक नळीवर टेकवून मूठ कानाला लावायच्या आणि डोळे मिटून ऐकायच्या. स्पासला म्हणाल्या, "गालिचा काढा हो, आजीचा दिसतोय, करपेल." सासूबाईंना हाताला धरून खिडकीपाशी बसवलं आणि पाणी दिलं. कोणाला एका शब्दानं दटावलं नाही. मग लोकच कॉफी पुढे करून, प्लमचा मुरंबा वाढून आपणहून सगळं ओकायला लागले. सहा वर्षांच्या अध्यक्षपणात सरांना जे काढून घेता आलं नव्हतं ते बाईंनी अर्ध्या दिवसात ऐकून घेतलं. सरांचा संशय तिसऱ्या मजल्यावर मावळला आणि सातव्यापर्यंत ते बाईंचे भक्त झाले. वहीत चौदा नावं झाली होती.

"आता तुमचं घर," विहराबाई म्हणाल्या.

सर हसले. इथे पाहण्यासारखं काही नाही, इथे नुसते भोगणारे राहतात, असं त्यांचं म्हणणं. बाईंनी झोपायच्या खोलीतली नळी ऐकली. मग बाहेर येऊन एका बंद दारापाशी थांबल्या.

"ही कसली खोली?"

"अडगळीची."

"नळी या खोलीतून वर येते, इथल्या रेडिएटरातून जाते आणि तुमच्या झोपायच्या खोलीतून खाली उतरते. उघडा जरा."

सरांनी नाइलाजानं दार उघडलं. आत कंबरेएवढं निळं पिंप होतं, त्यात खारवलेले कोबीचे गड्डे. खिडकी बोटभर उघडी. रेडिएटरचा व्हॉल्व घट्ट आवळून वर फडकं बांधलेलं.

सरांना त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. हिवाळ्यासाठी पिंपभर कोबी कोण घालत नाही? पूर्वी त्यांचं पिंप तळघरात असायचं, पण तिथल्या नळ्यांच्या धगीनं कोबी आठवड्यात बुळबुळीत व्हायचा. म्हणून तीन वर्षांपूर्वी ते वर आणलं आणि खोली थंड राहावी म्हणून रेडिएटर बंद केला. खालच्या तोटीतून खारं पाणी काढून वरून पुन्हा ओतायचं, तेही दिवसाआड, हे त्यांनी धडा शिकवावा तसं सांगितलं.

विहराबाईंनी पेला मागितला. तोटी सोडून खारं पाणी भरलं आणि सगळं प्यायल्या. "माझ्या आईनंतर असा कोबी कोणाच्या हातचा चाखला नव्हता," त्या म्हणाल्या. सरांची छाती फुगली. बाईंनी तोंड पुसलं. "आणि सर, तुमची उजवी बाजू या पिंपानं अडवलीय. तुम्ही इथे वाट बंद केलीत, तर पाणी वळणार कुठून? ते सगळं डावीकडे धावतं. खालच्यांनी फण्या वाढवल्या, रेडिएटर ओढले, ते सगळं थंडी वाजली म्हणून."

सरांनी वहीकडे पाहिलं. चौदा नावं झोकदार अक्षरात लिहिली होती. पंधरावं लिहायला पेन उचलेना.

मग त्यांनी रुमियानाची, उशीची आणि वीस अंशांची सगळी हकिगत सांगून टाकली. बाईंनी नीट ऐकून घेतलं.

"बायको की कोबी, एवढाच प्रश्न असेल तर मला दोन दिवस द्या," त्या म्हणाल्या. "दोन्ही राहतील."

पहिला दिवस त्यांनी तळघरातल्या नळ्यांना जाड आवरण गुंडाळण्यात घालवला. तळघर गार पडलं. दुसऱ्या दिवशी एकेका नळीचा व्हॉल्व पाव फेरा फिरवायचा, जिना चढून घरोघर ऐकायचं, खाली येऊन पुन्हा अर्धा पाव. त्याच वेळी सर, लिफ्टमध्ये वास कोंडेल म्हणून जिन्यानं, कोबी बादल्यांतून वर्तमानपत्राखाली झाकून आठ मजले खाली तळघरात नेत होते. अशा त्यांच्या सव्वीस खेपा झाल्या. जिन्यात भेटणारा प्रत्येक जण बाजूला होऊन वाट देत होता. या वयात अध्यक्ष मिस्त्रीच्या बरोबरीनं राबतायत म्हणून स्पासच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. वास कसला येतोय, असं मात्र कोणी विचारलं नाही. त्या इमारतीतल्या कोणाला तो वास वेगळा वाटलाच नाही.

रविवारी सगळे लिफ्टपुढे जमले. पुढेच दोब्रिन्का आणि रुमियाना हाताची घडी घालून उभ्या.

"नाव सांगा नाव," स्पास म्हणाला. "फळ्यावर लिहिलंय सरांनी."

सरांनी वही पाठीमागे लपवली. वीस अंशांचा प्रश्नच नव्हता, आता रुमियाना जन्मात वर येणार नाही, असं त्यांना वाटलं.

विहराबाई म्हणाल्या, "अगदी वरचा एक व्हॉल्व तीन वर्षं घट्ट बसला होता. सरांनी तो स्वतःच्या हातानं सोडवला. माझं काम त्यानंतर सोपं झालं."

यातला शब्दन् शब्द खरा होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी मान खाली घातली, तो त्यांचा विनय समजला गेला आणि टाळ्या वाढल्या. असा एक मिस्त्री प्रत्येक इमारतीला मिळो, असं म्हणत सरांनी वहीची पानं फाडून खिशात कोंबली. तेवढं तरी त्यांना सुचलं.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी तापमापकात वीस झाले. सरांनी तीनदा चष्मा पुसून खात्री केली आणि जिन्यातून हाक मारली. रुमियाना उशी घेऊन वर आली. सरांनी तापमापक पुढे धरला. तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही. ती सरळ बंद खोलीपाशी गेली, दार उघडलं आणि एक दीर्घ श्वास घेतला. मग उशी झोपायच्या खोलीत ठेवून टेबलाशी आपल्या खुर्चीत बसली.

"अगं, वीस झालेत, बघ तरी."

"मला थंडीचं कधीच काही नव्हतं रे. वीस अंशांत ते पिंप घरात टिकणार नाही, म्हणून वीस म्हटलं. तीन वर्षं माझ्या उशीला कोबीचा वास येत होता."

सर तापमापक हातात धरून समोरच्या खुर्चीत बसले. आता उठून जायची सोय नव्हती.

"मग तसं सांगायचं ना सरळ."

"तीन वर्षं सांगत होते," रुमियाना पाव मोडत म्हणाली. "तू दोन्ही कान मफलरात गुंडाळून बसायचास."